कुमुदताईंचं बारा पुस्तकांचं व्रत

कुमुदताई आठल्यांना मी दोन वर्षं एकच गोष्ट सांगत होतो, की मुलाला फोन करा. बाकी काही करू नका, फक्त फोन करा. फोन त्यांच्या ओट्यावरच असायचा, चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. हात लांब केला की हाताला लागेल इतका जवळ. त्याऐवजी त्यांनी चौतीस पुस्तकं वाचली.

ब्रिस्टलला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी साडेतीन वर्षं भाड्याने राहिलो, जेवणही खाली त्यांच्याकडेच. मी नागपूरचा, विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या कामाला व्हिसावर गेलेलो. त्या मूळच्या पुण्याच्या, वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी नवऱ्याबरोबर तिथे गेल्या, दोघंही डॉक्टर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या भूलतज्ज्ञ होत्या. "अर्ध्या ब्रिस्टलला मी झोपवलंय," असं सांगायच्या, आणि उरलेल्या अर्ध्यालाही झोपवलं तर जगाचं भलं होईल असा त्यांचा एकंदर चेहरा असायचा.

माणूस भेटला की त्या आधी त्याची मान बघायच्या. मी खोली बघायला गेलो तेव्हा दारातच म्हणाल्या, "मान आखूड आहे तुझी. उद्या ऑपरेशन करायची वेळ आली तर घशात नळी घालणाऱ्याचे हाल होतील." मी खोली बघायला आलोय, ऑपरेशनला नाही, असं म्हटल्यावर त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दहापासून उलटं मोज." पेशंटला भूल देताना सांगतात तसं. त्यांच्याशी कोणी वाद घालायला लागलं की हे ठरलेलं होतं. प्लंबरला, पोस्टमनला, शेजारच्या वेल्श म्हाताऱ्याला, सगळ्यांना. गंमत म्हणजे निम्मे लोक खरंच मोजायला लागायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा कौस्तुभ लंडनला, ईलिंगमध्ये राहायचा. त्याची बायको नॅटली ही बर्मिंगहॅमची, सिव्हिल इंजिनिअर. तिचे आजी-आजोबा जमैकाहून आलेले. कुमुदताई लग्नाला गेल्या नव्हत्या. त्याला चार वर्षं झाली होती. मायलेकांमध्ये आता वाढदिवसाचे मेसेज तेवढे उरले होते, तेही कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या पत्रासारखे कोरडे. घरात त्याचा विषय निघायचा नाही, पण त्याची खोली दर शनिवारी झाडली जायची आणि चादर बदलली जायची. कोणी न झोपलेली चादर धुवायला टाकणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

आमच्या कोपऱ्यावर छोटी लायब्ररी होती. तिथे पॅट नावाची साठीची, शांत लायब्ररियन होती. एका जानेवारीत तिने दाराशी कागद ठेवले. या वर्षी 'ऑथर्स ऑफ कलर' यांची, म्हणजे गोरे नसलेल्या लेखकांची बारा पुस्तकं वाचा. प्रत्येक पुस्तकाला एक चौकोन, बारा चौकोन भरले की लायब्ररीकडून कापडी पिशवी. लोक असे कागद घडी करून खिशात घालतात आणि पँटबरोबर धुऊन टाकतात. कुमुदताईंनी तो फ्रिजवर लावला, आंघोळ करून आल्या, देवापुढे सुपारी ठेवली आणि मला खाली बोलावलं.

"आजपासून नेम धरलाय," त्या म्हणाल्या. "बारा पुस्तकं. बारा पूर्ण होईपर्यंत गोऱ्या माणसाचं एक अक्षर वाचायचं नाही. वाचलं तर मोडलं. मोडलं की पुन्हा पहिल्यापासून."

"हे त्या कागदावर लिहिलंय?"

"कागदावर काय, वाट्टेल ते लिहितात. नेम म्हणजे नेम. आणि बारा झाली की आठ दिवसांच्या आत उद्यापन. मेहूण म्हणून कौस्तुभ आणि नॅटली."

व्रत पुरं झालं की एखाद्या जोडप्याला, म्हणजे मेहुणाला, घरी बोलावून जेवू घालतात आणि त्याचं उद्यापन करतात, हे मलाही ठाऊक होतं. पण घरचाच मुलगा आणि घरचीच सून मेहूण म्हणून बसवल्याचं कधी ऐकलं नव्हतं. मी नागपूरला आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, "घरचं मेहूण नसतं रे बसवत. कोण आहे ही बाई?" मी ते खाली जाऊन सांगितलं. कुमुदताई म्हणाल्या, "तुझ्या आईला म्हणावं, व्रत माझं आहे."

मी म्हणालो, "बोलवायचंच आहे तर आज बोलवा ना. पुस्तकं कशाला मध्ये?"

"पेशंटची फाईल वाचल्याशिवाय मी थिएटरमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. तिच्याशी मी काय बोलू? मला तिच्या लोकांबद्दल काय माहितीये?"

त्या वेळी हे मला पटलं, ही माझी घोडचूक.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यावर मिरे वाटायला सुरुवात झाली. कुमुदताई उभ्यानेच वाचायच्या. स्वयंपाकघरात ओट्याशी, पाठ ताठ, एक हात पुस्तकावर, दुसऱ्या हातात पेन्सिल. बसून वाचलं की झोप येते आणि झोपवणाऱ्याने झोपायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. समासात प्रिस्क्रिप्शन लिहावं तसे शेरे मारायच्या: 'बरं', 'ठीक', 'अति झालं', 'या बाईला आधी जेवायला द्या'. पुस्तकं लायब्ररीची. पॅटने एकदा हळूच विचारलं, की कोपऱ्यात हे कुठल्या भाषेत लिहिलंय. मी म्हणालो, मला वाचता येत नाही. खोटं बोललो.

गोऱ्या माणसाचं अक्षर वाचायचं नाही म्हणजे कुठलंच नाही. फेब्रुवारीत बॉयलर बंद पडला. त्याचं मॅन्युअल ड्रॉवरमध्ये होतं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं, आणि नाव नाही म्हणजे तो गोराच असणार, असा त्यांनी निकाल दिला. मी म्हणालो, मी वाचून दाखवतो. तर म्हणाल्या, ऐकणं हेही वाचणंच. मी म्हणालो, मग मी मनात वाचतो आणि बटण दाबतो. तर म्हणाल्या, "माझ्या घरात माझ्या व्रताला पळवाट नको." तीन दिवस आम्ही घरात कोट घालून वावरलो. चौथ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्याचं नाव उस्मान होतं. त्याने तेच मॅन्युअल उघडलं, एक बटण दाबलं आणि पाच मिनिटांत गेला. कुमुदताई माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू तीन दिवस थांबल्याचं सार्थक झालं.

पॅटचे हाल तर विचारूच नका. लेखक नेमका कुठला, हे कळल्याशिवाय बाई पुस्तकाला हात लावायच्या नाहीत. मागच्या फोटोकडे चष्मा वर करून बघायच्या. फोटो नसला की पॅटला शोधून काढायला लावायच्या. एकदा एक रहस्यकथा निघाली. लिहिणाऱ्या बाईची आई श्रीलंकेची आणि वडील स्कॉटिश. कुमुदताईंनी विचार केला आणि ती घरी आणली. चार दिवसांनी मी बघतो तर पुस्तक परत करायच्या पिशवीत, आणि फ्रिजवरच्या चौकोनात लिहिलेलं: अर्धं.

"अर्धं म्हणजे?"

"ती निम्मीच आहे. म्हणून निम्मं वाचलं. एकशे ऐंशी पानांपर्यंत."

"अहो, खून कोणी केला ते पुढच्या अर्ध्यात आहे."

"असेल."

मी कपाळाला हात लावला. अशी दोन अर्धी मिळून एक चौकोन भरणार होता. दुसरं अर्धं कुठून आणायचं, या चिंतेत पुढचा आठवडा गेला. आत्ता हसू येतं, पण त्या वेळी हसू येत नव्हतं. ही बाई ज्या सुनेला समजून घ्यायला वाचत होती, तिला उद्या मूल झालं तर ते काय असणार होतं? मी हे तोंडावर विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं असतं.

गुढीपाडव्याला महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. कुमुदताईंनी श्रीखंडाच्या रांगेतच सगळ्यांना कागद वाटले. लोकांनी ते घेतले, कारण न घेतल्यास काय होतं हे त्यांना माहीत होतं. फक्त स्विंडनचे एक दाताचे डॉक्टर अडून बसले.

"मराठी पुस्तकं चालतील का, ताई? आमच्याकडे दोन कपाटं भरलीत."

"नाही."

"का? मराठी लेखक काय गोरे असतात?"

"ते आपले. आपले कसे धरायचे यात?"

"मग आपण कोण?"

रांगेतले लोक थांबले. कुमुदताई वाटी हातात धरून क्षणभर उभ्या राहिल्या. "आपण वाचक," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. डॉक्टर जोरात हसले. मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं, कारण घरी त्यांना माझ्याच गाडीतून न्यायचं होतं.

गाडीत त्यांनी आधी पट्टा लावला. मग म्हणाल्या, "मिलिंद, आपण त्यांच्यात मोडतो का रे? त्या कागदावरच्यांत?"

"इतकी वर्षं इथे राहून हे तुम्ही मला विचारताय?"

"मी नवीन होते तेव्हा एका पेशंटने मला हात लावू दिला नव्हता. टेबलावर झोपलेला होता. म्हणाला, हिच्याकडून नको. सर्जन मला म्हणाले, कुमुद, यू टेक अ ब्रेक. मी बाहेर जाऊन चहा प्यायले. कोणाला काही बोलले नाही. ह्यांनाही नाही सांगितलं."

पुढच्या सिग्नलला त्यांनी बाकीचंही सांगितलं, ब्लड प्रेशर वाचून दाखवावं तितक्या कोरडेपणाने. कौस्तुभने नॅटलीबद्दल सांगायला फोन केला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या होत्या: गोरी आणली असतीस तर समजून घेतलं असतं. फोन स्पीकरवर होता. नॅटली त्याच्या शेजारी बसली होती.

"तिला मराठी कुठे येतं," मी म्हणालो.

"नाही येत. पण आई काय म्हणाली असं तिने विचारलं असणारच. आणि कौस्तुभ खोटं बोलत नाही. मीच लावलेली सवय आहे."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. दोन्ही एकदम आलं की मी गाडी फार हळू चालवतो. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. मी म्हणालो, "कुमुदताई, हे सगळं जे मला सांगितलंत ते त्यांना सांगा. आज घरी गेल्यावर फोन करा." त्या म्हणाल्या, "आत्ता कुठे चौथं चालू आहे."

जुलैमध्ये अकरा पुस्तकं झाली. मी खूश होतो. माझी सुटका जवळ आली होती. बारावं सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ऑफिसातून आलो तर बाई ओट्याशी उभ्या, हातात एका इंग्रज बाईची जाडजूड खुनाची कादंबरी, जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधली.

"मोडलं," त्या म्हणाल्या.

"असं कसं मोडलं?"

"चुकून उघडलं."

चुकून एकशे तीस पानं झाली होती. दुसऱ्या दिवशी त्या लायब्ररीत गेल्या, पॅटकडून नवा कोरा कागद आणला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नवीन अकरा पुस्तकं, कारण वाचलेली परत चालत नाहीत. त्या अकरांत मार्च उजाडला. या वेळी व्रत मोडायला गुलाबाच्या कलमांवरचं पुस्तक होतं, लेखक डेव्हनचा, गुलाबी गालांचा, मुखपृष्ठावर फोटोसकट. आमच्या अंगणात एक गुलाब नव्हता. बाईंनी जन्मात कुंडीला पाणी घातलं नव्हतं.

मी लायब्ररीत गेलो आणि पॅटसमोर खुर्चीत बसलो. ती म्हणाली, "डॉक्टर पुन्हा नवा कागद घेऊन गेल्या. फार जिद्दीच्या आहेत. पण एक बघितलंत का, दर वेळी अकरापर्यंतच पोचतात." ती भली बाई सहज बोलली. माझ्या मात्र डोक्यात प्रकाश पडला. इथेच घोडं पेंड खात होतं. बारावं वाचलं की उद्यापन, आणि उद्यापन म्हटलं की फोन.

घरी येऊन मी आवाज चढवला. भाडेकरूने घरमालकिणीवर चढवू नये इतका चढवला. "तुम्ही मुद्दाम मोडता. तुम्हाला फोन करायची भीती वाटते म्हणून पुस्तकं वाचताय आणि पुस्तकं संपतील म्हणून व्रत मोडताय. सव्वा वर्षं मला येडा बनवलंत."

"दहापासून उलटं मोज."

मी मोजलं. मोठ्याने, दहापासून एकपर्यंत, त्यांच्या तोंडाकडे बघत. आणि म्हणालो, "झालं. आता करा फोन."

त्या खुर्चीवर बसल्या. स्वयंपाकघरात त्यांना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं होतं. "आणि ती नाही म्हणाली तर?" त्या म्हणाल्या. "बारावं वाचून झाल्यावर ती नाही म्हणाली, तर मग मी काय वाचू?"

मी दोघांसाठी चहा केला. साखर त्यांच्या कपात जास्त पडली, तरी त्यांनी ओरडा केला नाही.

सप्टेंबरात कौस्तुभचा मला फोन आला. माझा नंबर त्याच्याकडे होता, आईला काही झालं तर कळवायला. म्हणाला, "नॅटलीला सातवा महिना लागलाय. आईला तू सांगशील का?" मी म्हणालो, तू सांग. तो म्हणाला, "आय वुडंट नो हाउ टु स्टार्ट, यार." मायलेक अगदी एका साच्यातून काढलेले. मी काय पोस्टमन होतो? तरी गेलो खाली आणि सांगितलं.

कुमुदताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "बीपी किती आहे तिचं?"

"मला काय माहीत."

"विचारायचं नाही का? पायाला सूज? शुगर केली का?" मी निमूट कौस्तुभला मेसेज करून हे सगळं विचारलं आणि आलेली उत्तरं वाचून दाखवली. बीपी चांगलं होतं. त्यांनी मान हलवली आणि फ्रिजसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या कागदावर उन्हाळाभर एकच चौकोन भरला होता.

पुढचे अडीच महिने त्या घरात दुसरं काही झालं नाही. सकाळी सहाला ओट्याशी उभ्या राहायच्या. घोट्यांना सूज आली तशी पायाखाली जुनी टेलिफोन डिरेक्टरी घेऊन उभ्या राहिल्या, पण बसल्या नाहीत. जेवणाला खिचडी, रोज. मला ना पोळी मिळाली ना भाजी, आणि तक्रारीची सोयही राहिली नव्हती. एका रविवारी बघतो तर ओट्यावर ती रहस्यकथा, निम्मी वाचून परत दिलेली. एकशे एक्याऐंशीव्या पानापासून वाचत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "खून नवऱ्याच्या भावाने केला." आणि चौकोनात पूर्ण एक लिहिलं.

बाळ नोव्हेंबरात झालं, मुलगी. ऑपरेशन करावं लागलं. बारावं पुस्तक डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी संपलं. कुमुदताईंनी हात धुतले, केस नीट केले आणि मला म्हणाल्या, "लाव." मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. फक्त याच कामासाठी मी दोन वर्षं गळा सुकवला होता, आणि ते तीस सेकंदांत झालं.

"कौस्तुभ, आई बोलतेय. भूल कुठली दिली, स्पायनल की जनरल?"

पलीकडे काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

"बरं. माझं एक व्रत होतं. त्याचं उद्यापन आहे. तुम्ही दोघं मेहूण." मग बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. "नाही, तिने प्रवास करायचा नाही. मी येते. तिला विचार, चालेल का. आत्ता विचार. मी थांबते." त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं," आणि फोन मला परत दिला, बंद न करताच.

पुढच्या शनिवारी मी गाडी काढली. डिकीत पुरणपोळ्या, कटाची आमटी, खण, नारळ. बाईंच्या मांडीवर वाचलेल्या पुस्तकांच्या टिपणांची वही. ब्रिस्टल सोडल्यापासून बाईंची उजळणी चालू होती, कुठल्या पुस्तकात काय, कोणाचं लहानपण कुठल्या बेटावर गेलं, कोणाच्या आजीचं काय झालं. मी हात जोडून सांगितलं, "ती पाच आठवड्यांची बाळंतीण आहे, तिची तोंडी परीक्षा घेऊ नका." त्या म्हणाल्या, "तू रस्त्याकडे बघ."

नॅटलीने दार उघडलं. उंच, डोळ्यांखाली जागरण, अंगात कौस्तुभचा स्वेटर. "या, डॉक्टर आठल्ये," ती इंग्रजीत म्हणाली. हसली नाही, पण दार पूर्ण उघडलं. चहा झाला. बाळ बघून झालं. त्याचीही मान बघून झाली. आणि मग बाईंनी वही उघडलीच. या लेखिकेचं वाचलंस का? या कवीबद्दल तुझं काय मत? नॅटलीने दोन-तीन नावं ऐकून घेतली.

"खरं सांगू का," ती म्हणाली, "मी पुस्तकं फारशी वाचत नाही. वाचतो तो कॉस, तुमचा कौस्तुभ. मी टीव्हीवर केक बनवायच्या स्पर्धा बघते."

"यातलं एकही नाही?"

"एकाचा सिनेमा लागला होता. मला झोप लागली."

कुमुदताईंनी वही मिटली. चौतीस पुस्तकं गेली पाण्यात. मला हसावं की रडावं कळेना. आता यांच्याकडे बोलायला उरलंय काय, याच काळजीत मी होतो. पण त्या उठल्या, पदर नसलेल्या कार्डिगनची टोकं कमरेला खोचल्यासारखं केलं आणि स्वयंपाकघरात शिरल्या. पाट नव्हते म्हणून दोन खुर्च्या शेजारी मांडल्या, ताटाभोवती रांगोळीऐवजी तांदळाच्या पिठाची चिमूट फिरवली, आणि दोघांना बसवून वाढायला लागल्या. स्वतः बसल्या नाहीत. नॅटलीने तीन पोळ्या खाल्ल्या आणि अजून तूप मागितलं. कौस्तुभ ताटात बघून जेवत होता. बाळ माझ्याकडे दिलेलं होतं.

जेवणं झाली. कुमुदताईंनी नॅटलीला उभं राहायला सांगितलं, हळद-कुंकू लावलं, खण-नारळाने ओटी भरली. काय चाललंय ते कौस्तुभ तिला हळू आवाजात सांगत होता. आणि मग सत्तरी ओलांडलेल्या, कोणापुढे कधी मान न झुकवलेल्या कुमुदताई एका हाताने टेबल धरून तिच्यासमोर खाली वाकल्या, गुडघे टेकले.

मेहुणाला लक्ष्मीनारायण मानतात. वय काही असो, यजमानीण त्यांच्या पाया पडते. सुनेच्या पाया सासू पडत नाही. मेहुणाच्या पडते. मी दोन वर्षं फोन करा, फोन करा म्हणून यांचं डोकं खात होतो, आणि बाई दोन वर्षं या फरशीची तयारी करत होत्या आणि दर वेळी अकराव्याला कच खात होत्या. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्यांचाही राग आलाच. सांगायचं ना एका शब्दाने.

नॅटली दचकून मागे सरकली. "काय पडलं?" म्हणत तीही पोटावर हात धरून खाली बसली आणि टेबलाखाली बघायला लागली.

"उभी राहा," कुमुदताई इंग्रजीत म्हणाल्या. "तू अशी बसलीस तर मला तुझे पाय कसे मिळतील?"

नॅटलीने कौस्तुभकडे बघितलं. तो ताटांकडे बघत होता. कोणीतरी सांगायला हवं होतं म्हणून मी सांगितलं, की त्या माफी मागताहेत.

नॅटली उठली नाही. तिने कुमुदताईंकडे सरळ बघितलं. "त्या दिवशी फोनवर ते तुम्ही बोलला होतात," ती म्हणाली. "ते मी ऐकलं होतं. हेही मला ऐकायचंय."

कुमुदताईंनी टेबलाची कड सोडली. मग मराठीत म्हणाल्या, "मिलिंद, कौस्तुभ, बाहेर जा."

आम्ही बाळाला घेऊन पॅसेजमध्ये गेलो. कौस्तुभ जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. मी दाराशी थांबलो, दार पुरतं लागलेलं नव्हतं. आत त्या दोघी फरशीवर बसलेल्या, मध्ये खाली पडलेले ओटीचे तांदूळ. कुमुदताई बोलत होत्या. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण पुष्कळ वेळ बोलत होत्या. नॅटलीने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. एकदा तिने डोळे पुसले आणि कुमुदताई थांबल्या, तर हाताने खूण केली, पुढे बोला.

बोलणं संपल्यावर नॅटली उठली आणि त्यांना उठवायला दोन्ही हात पुढे केले. त्यावरचं कुमुदताईंचं बोलणं मात्र मला पॅसेजपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. पाच आठवड्यांच्या बाळंतिणीने जड काही उचलायचं नसतं, टाके काय शोभेला घातलेत का, असं त्यांनी तिला खडसावलं. नॅटलीने हात मागे घेतले. मग ती पुन्हा खाली त्यांच्या शेजारी बसली.